घडवणाऱ्याचे नाव

भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या घरांत माळ्यावरची पितळी भांडी उतरवून पाहिली, तर गुंडावर, परातीवर नाव कोरलेले सापडते. ते आहेर देणाऱ्याचे असते, किंवा ज्याच्या स्मरणार्थ भांडे दिले त्याचे. ठोके घालून ते भांडे घडवणाऱ्या कारागिराचे नाव क्वचितच दिसते. ज्या शहराचा लौकिकच पितळेवर उभा राहिला, तिथेही हीच रीत. यंत्रांच्या इतिहासाचा नाद लागल्यावर ही रीत मला एका अनपेक्षित ठिकाणी भेटली, ती रोलर कोस्टरच्या दुनियेत.

खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ साली ‘नायट्रो’ नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. त्याच्या गाडीला तळ नाही. पाय अधांतरी लोंबतात आणि बसणारा पाच वेळा उलटा होतो. सहलीहून परतलेली मुले ‘इमॅजिकाच्या नायट्रोत बसलो’ असे सांगतात. तो ज्यांनी घडवला त्या बॉलिगर आणि माबियार या स्विस कंपनीचे नाव त्यांच्या तोंडी येत नाही. वॉल्टर बॉलिगर आणि क्लॉद माबियार या दोन अभियंत्यांनी ती १९८८ मध्ये स्थापन केली, आणि आज जगातल्या नामांकित निर्मात्यांत ती गणली जाते.

हे जुनेच दुखणे आहे. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘मॅटरहॉर्न’ सुरू झाला. पोलादी नळ्यांचा रूळ वापरणारा तो पहिला रोलर कोस्टर. लाकडी सांगाड्यावरच्या पट्टीच्या रुळाला फार वळणे घेता येत नसत. नळी मात्र हवी तशी वाकवता येते. आजचे सारे उलटेसुलटे मार्ग याच युक्तीतून निघाले. ती प्रत्यक्षात आणली अॅरो डेव्हलपमेंट या छोट्या कंपनीने. जगाच्या लक्षात राहिले डिस्ने.

उभ्या वर्तुळाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकात काहींनी अचूक गोलाकार फेरे बांधून पाहिले. माथ्यावरून गाडी खाली पडू नये एवढा वेग ठेवायचा, तर गोल फेऱ्यात शिरताना तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट भार जाणवतो, आणि तोही एका झटक्यात. माना आखडायच्या. उपाय असा, की तळाशी वेग जास्त म्हणून तिथे वळण मोठे ठेवायचे आणि वर वेग कमी होतो म्हणून तिथे ते लहान करायचे. फेरा मग पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन उद्यानात असा फेरा यशस्वी झाला. बांधणारे होते जर्मनीचे अँटोन श्वार्ट्सकोफ आणि गणित होते वेर्नर श्टेंगल यांचे.

याउलट एकाचे नाव फारच मोठे झाले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी ८० मीटर उंचीचे चाक उभारले आणि इंग्रजीत आकाशपाळण्याला त्यांचेच नाव पडले. त्याआधीच, १८९२ मध्ये, विल्यम सॉमर्स यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर लाकडी चाके उभारली होती. त्यांना पेटंटही मिळाले होते. त्यांनी फेरिसवर दावा लावला, पण तो टिकला नाही. आपल्या भाषेने मात्र दोघांनाही सारखेच वागवले. ‘आकाशपाळणा’ या सुंदर शब्दात कोणाचेच नाव नाही.

उद्यानाचे नाव पुढे येते यात सगळाच अन्याय आहे, असे मी म्हणणार नाही. पैसा मालक घालतो आणि रोज सकाळी बोल्ट तपासणारी माणसेही त्याचीच असतात. शिवाय ‘निर्माता’ म्हणजे नेमका कोण, हेही सोपे नाही. बॉलिगर-माबियारच्या अमेरिकेतल्या कितीतरी रोलर कोस्टरचा रूळ ओहायोतल्या क्लर्मोंट स्टील फॅब्रिकेटर्स या कारखान्यात तयार होतो. कल्पना एकाची, गणित दुसऱ्याचे, वेल्डिंग तिसऱ्याचे. हौशी मंडळी कंपन्यांची नावे तोंडपाठ म्हणून दाखवतात. वेल्डिंग करणाऱ्याचे नाव त्यांनाही ठाऊक नसते.

तरीही निर्मात्याचे नाव मला महत्त्वाचे वाटते, कारण त्याला जबाबदारी चिकटलेली असते. एका ठिकाणच्या पाळण्यात तडा सापडला, तर जागरूक निर्माता तशाच बनावटीच्या सर्व मालकांना कळवतो, की अमुक सांधा तपासा, तमुक भाग बदला. ही सूचना पोहोचायची तर पाळण्यावर निर्माता, क्रमांक आणि वर्ष लिहिलेले हवे. मोठ्या उद्यानांत ही कागदपत्रे सांभाळली जातात. प्रश्न आहे तो जत्रेचा. महाशिवरात्रीला गायमुखला लोटते तशा गर्दीत पाळणे रातोरात उभे राहतात आणि यात्रा सरली की पुढच्या गावी जातात. असा पाळणा एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला जातो, एखादा भाग गावच्या वर्कशॉपमध्ये बदलला जातो, रंगाचे नवे थर चढतात. त्या रंगाखाली पाटी गेली, की त्या लोखंडाचे वय सांगणारे कोणी उरत नाही.

म्हणून माझ्या मते निर्मात्यांना पुरेशी ओळख मिळत नाही, आणि त्याची किंमत त्यांच्यापेक्षा पाळण्यात बसणारा अधिक मोजतो. गौरवग्रंथ राहू देत. प्रत्येक पाळण्यावर सहज वाचता येईल अशी एक पाटी असावी. कोणी घडवला, कधी घडवला, शेवटची मोठी दुरुस्ती कोणी केली, एवढेच तिच्यावर लिहावे. ती कोरायला आमच्या भंडाऱ्यात पितळही आहे आणि हातही आहेत.