उतरलेली बॅटरी आणि शेवटचा चिमटा



शाळेच्या या स्मृतिव्याख्यान पुस्तिकेत इतिहास, साहित्य, समाजकारण अशा थोर विषयांवरील लेखन प्रसिद्ध होत असते. त्या पंक्तीत मोटारीच्या उतरलेल्या बॅटरीचा विषय घेऊन बसताना मला थोडा संकोच वाटतो. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना माझा संकोच आवडला नसता. वर्गात उत्तर बरोबर आले तरी ते विचारीत, "बरे, मग याचा उपयोग कोठे?" एका रात्री या प्रश्नात मी अनुत्तीर्ण झालो. त्याची कबुली म्हणून हा लेख.

गोष्ट 1994 सालच्या डिसेंबरातील. आमचे चिंताकी हे गाव बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी, असा येथील व्यवहार. रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या घरातून हाक आली. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिला औरादला दवाखान्यात न्यावयाचे होते. दारात डिझेल जीप उभी होती. पण तुरीची पोती उतरविण्यासाठी संध्याकाळी लावलेले तिचे पुढचे दिवे तसेच राहून गेले होते. "सर, सेल्फच घेईना, नुसतं टकटक करायलंय," घरचा धाकटा मुलगा म्हणाला. मी विज्ञानाचा शिक्षक. म्हणून मला बोलावले होते.

प्रथम, बॅटरी 'उतरते' म्हणजे काय होते ते पाहू. 1800 साली व्होल्टा यांनी दोन भिन्न धातूंच्या चकत्या व त्यांमध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा यांची चळत रचून सतत वाहणारा विद्युतप्रवाह मिळविला. मात्र रासायनिक द्रव्ये संपली की असा घट निकामी होई. पुन्हा पुन्हा भरता येणारा शिसे-आम्ल घट प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली तयार केला. आपल्या मोटारीतील बॅटरी ही त्याचीच वंशज होय. तिच्यात सहा घट असतात. प्रत्येकाचा दाब सुमारे 2 व्होल्ट, म्हणून एकूण 12. एका पट्टीवर शिशाचे डायॉक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे आणि भोवती सौम्य गंधकाम्ल. वीज खर्च होऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. भरलेल्या बॅटरीतील आम्लाची सापेक्ष घनता 1.26 ते 1.28 असते, उतरलेल्या बॅटरीत ती 1.15 च्याही खाली जाते. उलट दिशेने प्रवाह सोडला की सल्फेट विरघळून मूळ द्रव्ये परत येतात. फार दिवस उतरलेली राहिली तर मात्र सल्फेट कठीण होते आणि बॅटरी कायमची जाते.

त्या रात्रीचा हिशेब तर शाळकरी गणित होते. पुढचे दोन दिवे मिळून सुमारे 110 वॉट. म्हणजे 12 व्होल्टला साधारण 9 अँपिअर. बॅटरीची क्षमता 50 अँपिअर-तास धरली, तरी साडेपाच तासांत ती रिकामी. दिवे पिवळसर लुकलुकत होते, म्हणून आम्हांस वाटले, अजून जीव आहे. पण दिव्याला लागणारे 9 अँपिअर आणि इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या स्टार्टर मोटरला लागणारे दीडशे किंवा त्याहून अधिक अँपिअर, यांत महदंतर आहे. पूर्वी हा फेरा हाताने, लोखंडी हँडल मारून देत. 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत केटरिंग यांनी आणलेला विजेचा स्टार्टर बसविला गेला आणि मनगटाचे श्रम वाचले. मात्र मोटार बॅटरीच्या अधीन झाली.

अशा वेळी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज तात्पुरती उसनी घेता येते. शेजारी ट्रॅक्टर होता. त्याचीही बॅटरी 12 व्होल्टची. आम्ही प्रथम घरातील वायरिंगची तार घेतली. ती क्षणात तापली, वेष्टन वितळले आणि जीप ढिम्म राहिली. ओहमचा नियम मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहिला होता. तो तेथे डोळ्यांसमोर सिद्ध झाला. 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, जाण्यायेण्याची मिळून 6 मीटर लांब, तिचा रोध सुमारे 0.04 ओहम. आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु 150 अँपिअर वाहावयाचे म्हटले, तर 6 व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. स्टार्टरला उरतो निम्मा दाब. हीच तार दहापट जाड घेतली तर केवळ 0.6 व्होल्ट जातात. म्हणून या कामाच्या केबली अंगठ्याएवढ्या जाड असतात.

मग कोणी वेल्डिंगच्या जाड केबली आणल्या. धनाग्राला धनाग्र, ऋणाग्राला ऋणाग्र, असे चारही चिमटे थेट दोन्ही बॅटऱ्यांवर लावले. ट्रॅक्टर चालू करून पाच-सात मिनिटे वाट पाहिली. सेल्फ मारला, इंजिन अर्धे फिरून थांबले. चिमटा सैल असावा म्हणून त्या मुलाने जीपच्या बॅटरीवरील काळा चिमटा हलविला. ठिणगी पडली आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन बॅटरीचे झाकण उडाले.

हे का झाले? बॅटरी भरली जात असताना तिच्यातील पाण्याचे काही अंशी विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण 4 टक्के झाले तरी एक ठिणगी स्फोटास पुरते. हे मला ठाऊक नव्हते काय? होते. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेऊन 'फट्' असा आवाज मी दरवर्षी मुलांना ऐकवीत असे. तोच वायू बॉनेटखाली साठू शकतो, हे मात्र मला सुचले नाही.

आम्ल त्या मुलाच्या गालावर व हातावर उडाले. सुदैवाने त्याने मान वळविली होती, म्हणून डोळा वाचला. गुरांच्या हौदाशी नेऊन आम्ही त्याच्यावर पाणी ओतत राहिलो. आम्ल अंगावर उडाल्यास हाच पहिला उपचार: भरपूर स्वच्छ पाणी, किमान वीस मिनिटे, आणि मग डॉक्टर. दरम्यान एका वृद्ध बाईने विचारले, "अहो, हे ट्रॅक्टर तर चालूच हाय की!" खरेच होते. ट्रॉलीत कडबा व वर गाद्या अंथरून त्या सुनेला आणि भाजलेल्या दिरालाही आम्ही औरादला नेले. पहाटे ती सुखरूप बाळंत झाली.

आता योग्य क्रम सांगतो. दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या समान दाबाच्या हव्यात. अनेक मालमोटारी व बसगाड्यांत 24 व्होल्ट असतात, त्या मोटारीस जोडू नयेत. गाड्या एकमेकींना टेकू देऊ नयेत. दोन्ही बंद असाव्यात. बॅटरी फुगलेली वा तडकलेली असल्यास हा उद्योगच करू नये. लाल केबलीचा एक चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धनाग्रास, दुसरा चांगल्या बॅटरीच्या धनाग्रास. काळ्या केबलीचा एक चिमटा चांगल्या बॅटरीच्या ऋणाग्रास. आणि शेवटचा, चौथा चिमटा उतरलेल्या बॅटरीस लावू नये. तो त्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या, रंग नसलेल्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावा. ऋणाग्र गाडीच्या सांगाड्यास जोडलेलेच असते, त्यामुळे मंडल पूर्ण होते. मंडल पूर्ण होते त्याच क्षणी ठिणगी पडते. ती वायूपासून दूर पडावी, एवढाच या नियमाचा अर्थ. मग चांगली गाडी चालू करून काही मिनिटे थांबावे आणि नंतर दुसरीचा सेल्फ मारावा. चालू झाल्यावर चिमटे उलट क्रमाने, म्हणजे शेवटचा प्रथम, काढावेत. लाल-काळ्याची अदलाबदल झाल्यास आल्टरनेटरचे डायोड जळतात. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पुष्कळ असल्याने चिमटे कोठे लावावयाचे ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत आधी पाहावे. उसनी वीज ही केवळ सुरुवातीपुरती. पुढे बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी.

दुसऱ्या वर्षापासून हायड्रोजनचा पाठ आला की मी वर्ग शाळेच्या अंगणात नेऊ लागलो. तेथे बंद इंजिनाची एक जीप आणि एक ट्रॅक्टर उभा करीत असू. केबली जोडून दाखविण्यास तो मुलगाच येई. त्याच्या गालावर रुपयाएवढा पांढरा डाग राहिला आहे. तीन चिमटे तो स्वतः धरून दाखवी, चौथा एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती देई आणि विचारी, "हा कुठं लावायचा? आणि का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुले लगेच देत. दुसऱ्याचे उत्तर येईपर्यंत तो चिमटा लावू देत नसे.