निरोप मिळाला, केस उगवला!

मुलांनो, जानेवारी २०२५ मध्ये आमचा बुलडाणा जिल्हा एका विचित्र कारणानं देशभर गाजला. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग हात लावला की पुंजकेच्या पुंजके हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल! बायामाणसं, म्हातारी, शाळकरी मुलं, कुणीच सुटलं नाही. ‘टक्कल व्हायरस’ आला, अशी हूल उठली. आमचं पिंपळगाव राजा शेजारच्याच खामगाव तालुक्यात. मग इथल्या पोरांच्या तोंडी एकच प्रश्न: गेलेले केस परत येतील का?

उत्तर हवं असेल, तर केसाच्या मुळाशीच जायला हवं.

आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. म्हणून तर न्हाव्याची कात्री चालली तरी दुखत नाही. जिवंत कारखाना असतो कातडीच्या आत, एका इवल्याशा खोबणीत. तिला म्हणतात केशकूप. कूप म्हणजे विहीर. केसाची विहीरच म्हणा ना! डोक्यावर अशा सुमारे एक लाख विहिरी असतात आणि सगळ्या अंगावर मिळून पन्नास लाखांच्या घरात. गंमत अशी, की या सगळ्या आपण आईच्या पोटात असतानाच खोदल्या जातात. जन्मल्यावर नवी विहीर सहसा होत नाही. जावळ काढलं की केस दाट येतात असं आजी म्हणते खरं, पण विहिरींची संख्या काही त्यामुळे वाढत नाही.

मग या विहिरी खोदायच्या कुठे, हे ठरवतं कोण? पेशी! पेशींना तोंड नाही, पण त्या एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे प्रथिनांचे बारीक कण. एक पेशी कण सोडते, शेजारणीच्या अंगावर त्याला बसायला जागा असते. कुलपात किल्ली बसावी तसा तो बसला, की आतली कामं सुरू होतात.

बाळ पोटात अडीच-तीन महिन्यांचं झालं, की कातडीत पहिला निरोप फिरतो. त्याचं नाव ‘विंट’. तो म्हणतो, “इथं केस करा.” तिथल्या पेशी गोळा होऊन छोटा उंचवटा करतात. पण सगळ्याच पेशींनी ऐकलं तर? म्हणून ‘बीएमपी’ नावाचा दुसरा निरोप आजूबाजूला जातो, “इथं नको, थोडं लांब!” आपल्याकडे कपाशी लावताना दोन झाडांत अंतर सोडतात ना? तसंच हे. म्हणून केसांमध्ये नेमकं अंतर राहतं.

उंचवटा झाला, की खालच्या थरातल्या पेशी त्याच्या बुडाशी जमतात. मग तिसरा निरोप निघतो, “खाली खोदा!” याचं नाव ऐकून हसू येईल: ‘सॉनिक हेजहॉग’. व्हिडिओ गेममधल्या काटेरी प्राण्यावरून शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये हे नाव ठेवलं. हा निरोप पोचलाच नाही, तर विहीर अर्धवट राहते.

आता तळहात बघा. एक तरी केस आहे? उंदरांच्या तळपायाचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवलं, की तिथली कातडी ‘विंट’ला अडवणारं एक प्रथिन तयार करते. निरोपच अडला, मग केस कुठला!

विहीर झाली म्हणजे काम संपलं असं नाही. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसतं, जवळजवळ तीन महिने विश्रांती होते आणि जुना केस गळतो. बुडाशी जमलेल्या त्या पेशी पुन्हा ‘विंट’सारखे निरोप देतात आणि त्याच विहिरीत नवा केस उगवतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस कंगव्यात आले तरी घाबरू नये.

मग शेगावकडे काय बिघडलं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं तिथं आली, पाण्याचे, रक्ताचे नमुने घेतले गेले. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तपासण्या करवून घेतल्या. रुग्णांच्या रक्तात आणि रेशनच्या गव्हात ‘सेलेनियम’ फार जास्त आढळल्याचं त्यांनी सांगितलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर रोज त्यांतले चाळीस-पन्नास पुरतात! ते फार झालं, की केसाच्या बांधणीत गंधकाची जागा पटकावतं आणि केस ठिसूळ होतो. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात असंच झालं होतं. तिथं लोकांची नखंसुद्धा गळली होती.

आता उत्तर सोपं आहे. केस गेला तरी विहीर शाबूत असेल, तर निरोप पुन्हा सुरू होतो. शेगावकडच्या बऱ्याच लोकांचे केस काही आठवड्यांत परत येऊ लागले. मात्र विहीरच बुजली, तर केस येणं अवघड. म्हणून केस अचानक गळू लागले तर कुणी सांगेल ते तेल, कुणी देईल तो लेप यात दिवस घालवू नका. पालकांनी मुलाला थेट डॉक्टरांकडे न्यावं.

आणि मुलांनो, तुमच्या वर्गात एखाद्याच्या डोक्यावर केस नसतील, तर लांब बसू नका, नावं ठेवू नका. अन्नातलं सेलेनियम काही शेजारी बसल्यानं लागत नाही. टोमणा मात्र नक्की लागतो, आणि त्याचा घाव केसापेक्षा फार उशिरा भरतो. त्याला खेळायला बोलवा. पेशी एकमेकींना निरोप देतात, मग आपण का देऊ नये?