पान सापडत नाही तेव्हा

ग्रंथालयात आपण पुस्तक मागतो. ते मेजावर नसते. शिपाई आतल्या कपाटातून ते आणीपर्यंत आपण थांबतो, आणि मग वाचन पुढे चालू! गणकयंत्राची स्मृतीही अशीच चालते, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल.

१९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘अ‍ॅटलस’ यंत्र सुरू झाले. त्याच्या जलद स्मृतीत ५१२ शब्दांची अवघी ३२ पाने मावत. फिरत्या चुंबकी ड्रमांवर १९२. मागितलेले पान समोर नसले की काम थबके. देखरेखीची आज्ञावली ते ड्रमवरून आणवी आणि अडलेली आज्ञा पुन्हा चालू होई. जागेसाठी कोणते पान परत धाडायचे, हेही यंत्रच ठरवी. तोवर ही ने-आण बहुधा आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावी लागे.

आजच्या यंत्रांतही हीच रीत आहे. अशा अडण्याला ‘पेज फॉल्ट’, म्हणजे पानाची चूक, म्हणतात. मला हे नाव अन्यायाचे वाटते. जवळ नाही ते ‘नाही’ म्हणून कबूल करणे आणि शोधून आणणे, ही चूक कशी? मात्र मेजच फार तोकडे पडले, तर सारा वेळ पाने आणण्या-नेण्यात जातो आणि वाचायचे तेवढे राहून जाते!