आधी पोचलेला आवाज

ठाण्याहून सुटलेली लोकल तुर्भ्याच्या पुढे गेली तेव्हा दादाने खिशातून प्लास्टिकची डबी काढली. आत इअरप्लगचे दोन जोड होते. "हा तुझा," तो म्हणाला. "गाणी सुरू व्हायच्या आधी घालायचे. नंतर घालून उपयोग नाही." 15 डिसेंबर 2019, रविवारची दुपार. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'यू टू' हा आयरिश बँड भारतात पहिल्यांदाच वाजवणार होता. डोंबिवलीहून आम्ही दोघं भावंडं निघालो होतो. तो 49 वर्षांचा, मी 43.

हा बँड माझ्यापर्यंत आला तो दादामुळेच. 'द जोशुआ ट्री' हा त्यांचा अल्बम मार्च 1987चा. पुढच्या वर्षी दादाने काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून त्याची कॅसेट आणली. घरात धड टेप नव्हता. त्याने लॅमिंग्टन रोडवरून टीबीए 810 ही आयसी आणि सुटे भाग आणून प्लायवुडच्या खोक्यात अँप्लिफायर बसवला होता. तो सोल्डरिंग करायचा आणि मी वायर धरून बसायची. बारा वर्षांच्या मला त्या गाण्यांतलं इंग्रजी काडीचंही कळत नव्हतं. दादा म्हणाला, "शब्द सोड. गिटार ऐक. तो एकदाच छेडतोय, पण तुला स्वर दोनदा ऐकू येतोय." रॉकचा माझा पहिला धडा हा. गिटारवादक 'द एज' स्वर थोड्या उशिराने परत ऐकवणारं यंत्र वापरतो. त्या उशिराचं गणित तो तालाशी असं जुळवतो की मूळ स्वर आणि परत आलेला स्वर यांची एकमेकांत वीण तयार होते. या उशिराला ध्वनीच्या धंद्यात 'डिले' म्हणतात.

त्या एजचीही गोष्ट भावंडांचीच आहे, हे मला फार पुढे कळलं. त्याचं खरं नाव डेव्हिड इव्हान्स. 1976 साली डब्लिनच्या माउंट टेम्पल शाळेत लॅरी मलन या मुलाने बँडसाठी साथीदार हवेत म्हणून फळ्यावर चिठ्ठी लावली. त्यानंतर जमलेल्या मुलांत डेव्हिडबरोबर त्याचा थोरला भाऊ डिकही होता. या दोघांनी घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवली होती. 1978मध्ये डिक बाहेर पडला आणि उरलेले चौघं 'यू टू' झाले. ऑस्ट्रेलियातल्या 'एसी/डीसी'मध्ये माल्कम आणि अँगस हे यंग बंधू. बँडचं नाव सुचवलं ते त्यांची बहीण मार्गारेट हिने, शिलाई मशीनवरची अक्षरं वाचून. अँगसचा शाळेचा गणवेश ही कल्पनाही तिचीच. मला हे सगळं योगायोग वाटत नाही. या संगीताला घरातली एक खोली लागते, कर्कश सराव सहन करणारं कुणीतरी लागतं आणि "हे ऐक" म्हणणारं कुणीतरी लागतं. बहुतेक घरांत हे तिन्ही भावंडांकडूनच मिळतं.

गेटमधून आत शिरल्यावर सगळे पुढे धावत होते. दादाने मात्र मला मैदानाच्या मधोमध, ध्वनी मिश्रण करणाऱ्या तंत्रज्ञाच्या टेबलाजवळ नेलं. त्याचं कारण साधं आहे. तो तंत्रज्ञ जे तिथे ऐकतो त्यावरूनच संध्याकाळभर आवाज जुळवतो, म्हणून मैदानातला सर्वात नीट आवाज त्याच्या आसपास असतो. कठड्याला रेलण्यासाठी तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना कलाकाराचे बूट जवळून दिसतात. संगीत ऐकायचं असेल तर मागे राहणं चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी गंमत त्याच्याही मागे असते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. रंगमंचापासून 70 मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ड्रमचा ठोका 0.2 सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे हा उशीर जवळजवळ अर्ध्या मात्रेचा झाला. म्हणून मोठ्या मैदानात मागच्यांच्या टाळ्या पुढच्यांच्या मागून लाटेसारख्या येतात. अंतर वाढेल तसा आवाज क्षीणही होतो, त्यामुळे मध्ये मनोरे उभे करून त्यांवर आणखी स्पीकर टांगतात. पण विजेचा संकेत वायरमधून तत्क्षणी पोचतो. मनोरा लगेच बोलू लागला तर शेजारचा माणूस तेच गाणं दोनदा ऐकेल, आधी मनोऱ्यातून आणि मग रंगमंचावरून. म्हणून मनोऱ्याला मुद्दाम थांबवून ठेवतात. रंगमंचावरचा आवाज जितका वेळ घेईल तितका वेळ आणि वर सेकंदाचे काही हजारांश, 10 ते 20.

हे वरचे हजारांश का, याचं उत्तर 1949 साली हेल्मुट हास या जर्मन अभ्यासकाच्या प्रबंधात मिळतं. एकच आवाज दोन दिशांनी अगदी थोड्या अंतराने आला, साधारण 30 हजारांश सेकंदांच्या आत, तर कान त्यांना एकच मानतो आणि आधी पोचलेल्याची दिशा तीच त्याची दिशा ठरवतो. मागून आलेला काहीसा मोठा असला तरी. म्हणून शेजारचा मनोरा दणदणत असतानाही गायक आपल्याला समोर रंगमंचावरच गाताना ऐकू येतो. दादाने लोकलमध्ये हे सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले. मी पुढे कितीतरी संगीत ऐकलं, त्याच्या आवडीपेक्षा वेगळंही. पण प्रत्येक वेळी ते प्लायवुडच्या त्या खोक्याच्या दिशेनेच आल्यासारखं वाटतं.

खर्ज छातीत का बसतो, हेही लगेच कळतं. 40 हर्ट्झच्या स्वराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. ती माणसांना वळसा घालून जाते आणि बरगड्यांनाही हलवते.

आता इअरप्लगविषयी. दादा इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून पॉवर प्रेसच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागला. त्या दिवसांत तिथे कानाला संरक्षण कुणी देत नसे आणि कुणी मागतही नसे. चाळिशीत त्याच्या उजव्या कानात रात्रीची शिट्टी सुरू झाली. डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला. आलेख 4000 हर्ट्झच्या आसपास खाली कोसळलेला होता. गोंगाटाने बिघडलेल्या कानाची ही ठळक खूण. 'स', 'श', 'फ' यांची सळसळ वरच्या पट्टीत असते, त्यामुळे अशा माणसाला बोलणं ऐकू येतं पण शब्द निसटतात. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी जेमतेम पंधरा हजार. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

कारखान्यातल्या गोंगाटाचं गणित मैदानालाही लागू आहे. 85 डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं, 103ला साडेसात. रॉकचा कार्यक्रम दोन तासांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली कार्यक्रमस्थळांसाठी जे मानक काढलं, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये आणि प्रेक्षकांना कानाचं संरक्षण उपलब्ध असावं, असं म्हटलं आहे. नीट बसलेला इअरप्लग 15 डेसिबल जरी कमी करू शकला, तरी 103चे 88 होतात आणि साडेसात मिनिटांचे चार तास. फोमचा प्लग वरच्या पट्ट्या जास्त दाबतो, आवाज थोडा गढूळ वाटतो. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या खाली आणतात. कापसाचा बोळा मात्र जवळजवळ निरुपयोगी. 'एसी/डीसी'चा गायक ब्रायन जॉन्सन याला 2016मध्ये कानामुळेच दौरा अर्धवट सोडावा लागला, 'द हू'चा पीट टाउनशेंड कर्णनादाविषयी वर्षानुवर्षं बोलत आला आहे. त्यांच्यासमोर उभे राहणारे आपण वेगळ्या मातीचे नाही.

अंधार पडला. सुरुवात प्रेक्षकांत घुसलेल्या छोट्या रंगमंचावर झाली, आधी एकटा लॅरी मलन ड्रमवर. काही गाण्यांनंतर चौघं मुख्य रंगमंचावर गेले, मागचा अवाढव्य पडदा लालभडक झाला आणि अल्बमचं पहिलं गाणं सुरू झालं. एजच्या गिटारचे स्वर दोनदा-दोनदा येऊ लागले. मी दादाच्या डाव्या बाजूला उभी होते, त्याच्या चांगल्या कानाशी. त्याने मान खाली करून विचारलं, "काय म्हणतोय गं तो?" 1988 साली हा प्रश्न मी त्याला विचारत होते. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकेक ओळ मराठीत सांगत गेले. ए. आर. रहमान 'अहिंसा' गाण्यासाठी आले तोवर माझा घसा बसला होता आणि दादा डोळे पुसत होता.

परतताना लोकलमध्ये त्याने आधी माझ्या कानांची चौकशी केली. शिट्टी येतेय का? नव्हती. त्याचीही वाढली नव्हती.

थंडीचा मोसम हा आपल्याकडे मैदानी कार्यक्रमांचा. तिकीट काढणार असाल तर ज्याने किंवा जिने तुम्हाला पहिलं गाणं ऐकवलं त्या भावंडाला फोन करा, गाव वेगळं असलं तरी. सोबत लहान मूल असेल तर त्याला कान पूर्ण झाकणारे मफ्स लागतील. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. साधा जोड मेडिकलच्या दुकानात मिळतो. दोन घ्या.