नगरपालिकेने तरणतलाव बांधावा काय?

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची सभा जवळ आली की नागरिकांचे निरनिराळे अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर जमू लागतात. एका वाड्याला गटार हवे असते, दुसऱ्याला स्मशानभूमीची शेड, बाजारातील विक्रेत्यांना ओट्यांवर छप्पर. अशा अर्जांत कधी कधी एक वेगळी मागणी आढळते: शहरासाठी सार्वजनिक तरणतलाव बांधावा. ही मागणी वाचताच काही नगरसेवकांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. नळाला दोन वेळ पाणी नाही आणि पोहायला तलाव कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न रास्त आहे; परंतु मागणीही हसण्यावारी नेण्याजोगी नाही. दोन्ही बाजू नीट समजून घेतल्याशिवाय ठराव मंजूर करणे जितके चुकीचे, तितकेच तो फेटाळणेही चुकीचे होय.

मागणीच्या मुळाशी काय आहे?

गोव्यात पोहणे हा कधीही श्रीमंतांचा शौक नव्हता. कुळागरातील विहीर, देवळाची तळी, ओहोळावरचा बांध अथवा नदीचा कोंड हीच मुलांची शाळा असे. कमरेला दोन असोले नारळ बांधून काका किंवा थोरला भाऊ मुलाला पाण्यात सोडी आणि आठ-पंधरा दिवसांत मूल पाण्यावर तरंगू लागे. घाटावर नारळाची जागा सुका भोपळा घेई. या शिक्षणास शुल्क नव्हते आणि दाखलाही नव्हता. मात्र शिकवणारे वडीलधारे माणूस काठावर उभे असे.

ही व्यवस्था आता बव्हंशी मोडली आहे. घरोघरी नळ आले, विहिरी बुजल्या किंवा त्यांच्यावर जाळ्या बसल्या. आईवडील नोकरीनिमित्त दिवसभर घराबाहेर असतात. पाण्याची ओढ मात्र मुलांच्या मनातून गेलेली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर मुलांचे घोळके बंधाऱ्यावर, धबधब्याखाली आणि पाण्याने भरलेल्या पडीक चिरेखाणींत उतरतात. चिरेखाण वरून शांत दिसते. पण तिची भिंत सरळ तुटलेली असते, तळ दिसत नाही आणि बाहेर येण्यास पायरी नसते. पाय घसरलेल्या मुलास वाचवण्यासाठी पोहता न येणारा दुसरा मुलगा उडी घेतो आणि एका घराचे दुःख दोन घरांचे होते. अशी बातमी ज्या गावाने एकदा ऐकली आहे, त्या गावाला तरणतलावाच्या मागणीचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली आणि त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. भारतात अपघाताने बुडून मृत्यू पावणाऱ्यांची नोंदलेली संख्या वर्षाला ३० हजारांहून अधिक असते. गोव्याच्या प्रमुख सागरकिनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. परंतु सत्तरी, डिचोली, सांगे किंवा केपे तालुक्यातील प्रत्येक कोंडावर आणि प्रत्येक चिरेखाणीवर जीवरक्षक नेमणे कोणत्याही शासनास शक्य नाही. तेथे मुलाच्या अंगी असलेले कौशल्य हाच त्याचा जीवरक्षक. म्हणूनच सहा वर्षांवरील मुलांना पोहण्याचे व जलसुरक्षेचे प्राथमिक शिक्षण द्यावे, अशी शिफारस ही संघटना करते.

कायदा काय सांगतो?

गोव्यातील नगरपालिकांचा कारभार १९६८ च्या गोवा नगरपालिका अधिनियमानुसार चालतो. पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता, गटारे, रस्ते यांसारखी कामे नगरपालिकेची आवश्यक कर्तव्ये समजली जातात. उद्याने, वाचनालये, करमणुकीची साधने ही निधी शिल्लक असल्यास करावयाची ऐच्छिक कामे होत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तरणतलाव बांधण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र आवश्यक कर्तव्ये बाजूस सारून तो बांधणे कायद्याच्या हेतूस धरून होणार नाही. प्रश्न अधिकाराचा नसून अग्रक्रमाचा आहे.

किती पाणी लागेल?

विरोधाचा सर्वांत मोठा मुद्दा पाण्याचा असतो, म्हणून त्याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. स्पर्धेसाठी लागणारा ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व २ मीटर खोल तलाव भरण्यास २५ लाख लिटर पाणी लागते. पणजीतील कांपाल येथे, जेथे २०२३ साली ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतील जलतरणाच्या शर्यती झाल्या, तेथे असा तलाव शोभतो. लहान शहराने त्याचे अनुकरण करू नये. मुलांना शिकवण्यासाठी २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी १.१ मीटर खोल तलाव पुरेसा होतो. त्यास २ लाख २० हजार लिटर पाणी लागते. शहरी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरल्यास हे सुमारे १,६३० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले.

हे पाणी रोज बदलावे लागत नाही. ते वाळूच्या गाळणीतून फिरवून, जंतुनाशक मिसळून पुन्हा वापरले जाते. बाष्पीभवन, गाळणीची धुलाई आणि पोहण्यापूर्वीची अनिवार्य आंघोळ यांसाठी दररोज साधारण १० हजार लिटर धरावे. म्हणजे ७५ माणसांचे पाणी. हा आकडा भीतिदायक नाही, पण नगण्यही नाही. कारण मुलांना पोहायला वेळ असतो तो एप्रिल-मे महिन्यांत, आणि त्याच महिन्यांत टँकरची वाट पाहणारे वाडे असतात. ज्या शहराच्या एखाद्या प्रभागात उन्हाळ्यात टँकर जातो, त्या शहराने नळाच्या पाण्यावर तलाव चालवू नये, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

यावर एक उपाय आपल्या डोक्यावरच आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. शाळेच्या किंवा बाजार इमारतीच्या १०० चौरस मीटर छपरावर पडणाऱ्या पावसापैकी ८० टक्के पाणी जरी धरले, तरी ते २ लाख ४० हजार लिटर भरते. अर्थात एका मध्यम छपराच्या पावसावर हा तलाव एकदा भरून निघतो. रोजची तूट भरून काढण्यास पिण्यासाठी न वापरली जाणारी विहीर जवळ असेल, तर पाण्याचा प्रश्न बराच सुटतो. ती नसेल, तर जागा बदलावी.

बांधणे सोपे, चालवणे कठीण

तलाव बांधण्याचा खर्च एकदाच होतो आणि त्यासाठी अनुदान मिळण्याची शक्यता असते. चालवण्याचा खर्च मात्र दरमहा नगरपालिकेच्याच माथी येतो. पाच अश्वशक्तीचा पंप दिवसाला १२ तास चालला, तर सुमारे ४५ युनिटे, म्हणजे महिन्याला १,३५० युनिटे वीज लागते. पाण्यात मुक्त क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखावा लागतो. उन्हाने आणि पोहणाऱ्यांच्या संख्येने क्लोरीन घटत जाते, म्हणून दिवसातून अनेकदा पाणी तपासून नोंदवहीत आकडे लिहावे लागतात. तळ काठावरून स्वच्छ दिसत नसेल, तर तलाव त्या क्षणी बंद करावा. गढूळ पाण्याच्या तळाशी पडलेले मूल कोणालाही दिसत नाही.

याहून मोठा खर्च माणसांचा. तलाव उघडा असेल तेव्हा दोन जीवरक्षक काठावर असलेच पाहिजेत, आणि दोन पाळ्या धरल्या तर चार. शिवाय एक पंपचालक, सफाई कामगार आणि किमान एक महिला प्रशिक्षक. कारण महिला प्रशिक्षक नसेल तर अर्ध्या मुली घरीच राहतील. घरपट्टी, व्यापार परवाने, बाजारातील सोपो आणि शासकीय अनुदाने यांवर चालणाऱ्या लहान नगरपालिकेस हा पगारपत्रकाचा भार वर्षानुवर्षे पेलावयाचा आहे. जीवरक्षकांचे वेतन थकले, ते गेले आणि तलाव नुसत्या रखवालदारावर सोपवला, तर जी दुर्घटना टाळण्यासाठी तलाव बांधला ती तलावातच घडेल. पाणी सोडून दिलेला, शेवाळलेला आणि कुंपण मोडलेला तलाव म्हणजे शहराच्या मध्यभागी स्वहस्ते खणलेली चिरेखाणच होय.

शुल्कातून हा खर्च भरून निघेल, या भ्रमात राहू नये. प्रौढांकडून मासिक शुल्क घ्यावे, पण शाळेच्या मुलांना शिक्षण विनामूल्य असावे. वाचनालय नफ्यात चालते काय, असे आपण विचारत नाही. येथेही विचारू नये. फक्त तूट किती आणि ती कोठून भरणार, हे ठरावातच लिहिलेले असावे.

एका शहराचा की तालुक्याचा?

या तलावात २५ मुलांच्या चार तुकड्या रोज शिकू शकतात. एक अभ्यासक्रम महिन्याचा धरला आणि वर्षातून नऊ महिने वर्ग चालले, तर वर्षाला ९०० मुले तयार होतील. २०११ च्या जनगणनेत वाळपईची लोकसंख्या साडेआठ हजारांच्या आसपास आणि डिचोलीची सतरा हजारांच्या आसपास होती. दहा हजार वस्तीच्या शहरात एका इयत्तेत साधारण दीडशे मुले असतात. म्हणजे शहराने एकट्यासाठी तलाव बांधल्यास तो बहुतेक वेळ रिकामा राहील. पण आसपासच्या पंचायतींतील पाचवीची सर्व मुले त्यात आली, तर त्याचा प्रत्येक तास कारणी लागेल. बुडण्याचा धोकाही शहरातील मुलांपेक्षा नदीकाठच्या व खाणीजवळच्या गावांतील मुलांनाच अधिक. म्हणून नगरपालिका, पंचायती आणि शाळा यांनी खर्चाचा वाटा आधी ठरवावा आणि मगच जागा निश्चित करावी.

सार्वजनिक पैशाचा तलाव सर्वांचा असतो, हेही विसरू नये. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावर राहिला आणि १९२७ साली त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आजच्या तलावावर जातीची पाटी लागणार नाही. परंतु भरमसाट वर्गणी, सोयीच्या सर्व वेळा सभासदांना आणि भर दुपारची वेळ सरकारी शाळेतील मुलांना, अशी व्यवस्था झाल्यास तीही एक पाटीच ठरेल.

तलावाविना काय करता येईल?

ज्या नगरपालिकेस वरील अटी पाळणे शक्य नाही, तिने हात जोडून स्वस्थ बसावे असे नाही. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा ओटा व कठडा बांधून, गावातीलच प्रशिक्षित तरुण-तरुणींकडून मुलांना पोहणे शिकवले जाते. २५ मीटर पोहून जाणे आणि ३० सेकंद पाण्यावर तरंगणे, एवढीच तेथील परीक्षा. आपल्याकडेही पाणी तपासून घेतलेल्या, पायऱ्या असलेल्या व फारशा खोल नसलेल्या तळीत असा वर्ग चालवता येईल. जवळच्या शहरात तलाव असेल, तर मुलांना तेथे नेण्या-आणण्यासाठी बसभाड्याची तरतूद करणे नवा तलाव बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. पडीक चिरेखाणींना कुंपण घालणे आणि प्रत्येक बंधाऱ्यावर दोर व लांब बांबू ठेवणे यांस तर अंदाजपत्रकात फारशी जागाही लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. तलाव होवो वा न होवो, प्रत्येक मुलास एवढे अवश्य शिकवावे: मित्र बुडत असेल तर उडी मारू नये, मोठ्याने ओरडून माणसे गोळा करावीत, काठी, दोर, रिकामा कॅन, असोला नारळ, जे हाती लागेल ते त्याच्याकडे फेकावे किंवा पुढे करावे. या शिक्षणास पाण्याचा थेंबही लागत नाही.

तात्पर्य, नगरपालिकेने मुलांच्या पोहण्याच्या शिक्षणावर पैसे खर्च करावेत काय, या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. त्यासाठी तलाव बांधावा काय, याचे उत्तर पाणी, माणसे आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. या तिन्ही गोष्टी कागदावर सिद्ध असतील, तर कोनशिला बसवण्यास हरकत नाही. त्या नसतील, तर कोनशिलेचा खर्च बसभाड्यास वळवावा. पुढच्या मे महिन्यात बंधाऱ्यावर जाणाऱ्या मुलास पोहता येते किंवा नाही, एवढ्यावरच या ठरावाचे यशापयश मोजले जाणार आहे.