पायाखालची जमीन : फोडातलं पाणी

गरम टायरच्या काळ्या पट्ट्यांवर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. चिपळूणहून एका वाचकभगिनींचं पत्र आलंय, सोबत फोटो आहेत, आणि ते पाहिल्यावर टायर बाजूला ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बंगल्याला लागून गॅरेज, जमिनीलगतचं, खाली तळघर वगैरे काही नाही. जुन्या कोब्यावर एप्रिलमध्ये राखाडी एपॉक्सी करून घेतलं. ऑगस्टमध्ये त्यावर फोड उठले. काही वाटाण्याएवढे, काही रुपयाएवढे. स्कूटरचा डबल स्टँड एका फोडावर टेकला आणि त्यातून पाणी निघालं. ‘छप्पर गळत नाही, गाडी बाहेर धुतो, मग पाणी आलं कुठून?’ असं त्या विचारतात.

खालून आलं. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही, कारण त्या फोडात असतं ते नुसतं पाणी नव्हे. असा फोड टोचायचाच असेल तर चष्मा लावून, तोंड लांब ठेवून टोचा. आतून चिळकांडी उडते. द्रव बहुधा पिवळसर-तपकिरी आणि चिकट असतो. बोट लावू नका. लाल लिटमसचा कागद टेकवा, तो निळा होईल. म्हणजे हा चांगला कडक अल्कली आहे. सिमेंटमधले क्षार त्यात उतरलेत आणि प्रायमरचा न जुळलेला अंशही.

ठेकेदारांचं ठरलेलं स्पष्टीकरण असतं, ‘वाफेच्या दाबानं उचललं.’ मला ते कधी पटलं नाही. तीस अंश तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब जेमतेम 4 किलोपास्कल भरतो. नीट घासलेल्या काँक्रीटला धरलेलं एपॉक्सी ओढून काढायला 1500 किलोपास्कल किंवा त्याहून जास्त ताण लागतो. त्या वाफेनं हे उचललं जायचं नाही. खरा उद्योग परासरणाचा. काँक्रीटचा वरचा प्रायमर प्यालेला पातळ थर चाळणीचं काम करतो: पाण्याला वाट देतो, क्षारांना अडवतो. वर क्षारांचा दाट द्रव, खाली ओलाव्याचं पातळ पाणी. भिजत घातलेली मनुका फुगते तसा तो द्रव खालचं पाणी ओढत राहतो, आणि या ओढीचा दाब वाफेच्या कितीतरी पट असतो. महिनोन्‌महिने हे चाललं की एपॉक्सी हळूहळू सैल पडून फुगतं. प्रायमरचे दोन घटक अंदाजपंचे मिसळले असतील तर न जुळलेला माल जास्त राहतो आणि फोडांना खाद्य मिळतं. म्हणजे दोष ओलीचा आणि मिसळणाऱ्याच्या हाताचा, दोघांचा मिळून.

एपॉक्सी बिचारं ओल्या जागेला नवखं नाही. 1930च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टाँ हा रसायनज्ञ द ट्रे नावाच्या दंतवैद्यकी साहित्याच्या कंपनीसाठी कवळ्यांना चालेल असं राळेसारखं द्रव्य शोधत होता. त्यातून हे निघालं. दातांच्या बाजारात ते फारसं चाललं नाही, पण सिबा कंपनीनं ते घेतलं आणि 1946 साली ॲरल्डाइट म्हणून चिकटवायला बाजारात आणलं. आपल्याकडे कपाचा कान तुटला की ज्या दोन नळ्या शोधल्या जातात, त्या याच. ट्रकखालची जमीन आणि कपाचा कान एकाच घराण्यातले आहेत, याची मला अजून गंमत वाटते.

आता ओल येते कशी. जुने गवंडी जमिनीवर कोबा करताना आधी सोलिंग घालत, मोठे दगड हातानं उभे लावून. लोक समजतात ते मजबुतीसाठी. तेही आहेच, पण बारीक मातीतून केशाकर्षणानं वर चढणारं पाणी मोठ्या दगडांच्या मोकळ्या फटींत अडतं, हे जास्त महत्त्वाचं. हल्ली त्या फटी मुरूम आणि माती दाबून गच्च भरतात, कधी सोलिंगच गाळतात, आणि पाण्याला शिडी मिळते. देशावरच्या काळ्या मातीत ती शिडी उंच असते. शिवाय माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि कोब्याला भेगा देते. कोकणात जांभा स्वतःच पाणी धरून ठेवतो, पावसाळ्यात भूजल वर येतं. काँक्रीटखाली 250 मायक्रॉनचा पॉलिथिनचा कागद, सांध्यांवर एकावर एक चढवून अंथरला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. जुन्या कोब्याखाली तो आता घालता येत नाही.

मग एप्रिलमध्ये सगळं कोरडं कसं दिसलं? वरचा अर्धा-पाऊण इंच उन्हाळी हवेनं सुकलेला होता म्हणून. खालचा भाग दमटच होता. उघड्या कोब्यातून ओल वर येते आणि उडून जाते, आपल्याला कळतही नाही. त्यावर एपॉक्सीचं झाकण बसवलं की उडण्याची वाट बंद होते आणि खालची ओल हळूहळू वरपर्यंत सारखी पसरते. म्हणूनच काँक्रीटमधली आर्द्रता मोजणारे तंत्रज्ञ वर यंत्र टेकवून थांबत नाहीत. स्लॅब एकाच बाजूनं सुकणारा असेल तर जाडीच्या 40 टक्के खोल भोक पाडून त्यात तपासणीची कांडी सोडतात.

नव्या कामात तर दुसराच घोटाळा. ‘अठ्ठावीस दिवस झाले, आता लावा.’ अठ्ठावीस दिवसांचा हिशेब ताकदीचा आहे, सुकण्याचा नव्हे. पाणी मारणं थांबल्यावर एक इंच जाडीला साधारण एक महिना, असा कामावरचा ठोकताळा; चार इंचांच्या कोब्याला चार महिने, तेही खालून ओल येत नसेल तर आणि पावसाळा मध्ये आला नाही तर.

घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, कोबा झाडून चारही कडा रुंद चिकटपट्टीनं बंद करा. किमान 16 तास ठेवायचं, असं मूळ पद्धत सांगते. मी दोन-तीन दिवस ठेवायला सांगतो. काढल्यावर प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला असेल तर खाली ओल आहे. मात्र परीक्षेचा निकाल एकतर्फी धरा. ओल दिसली तर ती आहेच. दिसली नाही तर नाहीच असं नव्हे. आणि ही परीक्षा सप्टेंबरात करा. रंगाचा हंगाम एप्रिल-मेचा असल्यामुळे सगळे तेव्हाच करतात आणि सगळे तेव्हाच पास होतात.

चिपळूणच्या गॅरेजमध्ये मी पुन्हा एपॉक्सी सुचवणार नाही. दमट काँक्रीटवर चालणारे खास प्रायमर मिळतात, आणि दूध डेअऱ्यांमध्ये वापरतात ते सिमेंट-पॉलियुरेथेनचं चार-सहा मिलिमीटर जाड अस्तरही ओलीला दाद देत नाही. पण घरच्या दोन गाड्यांसाठी तो खर्च डोळे पांढरे करणारा आहे. त्यापेक्षा सगळं एपॉक्सी डायमंडच्या यंत्रानं घासून काढा आणि कोबा उघडा ठेवून त्यावर सिलिकेटचा हार्डनर मारा. तो सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी जुळून आतच घट्ट होतो, धूळ उडणं थांबतं, आणि वर पापुद्रा नसल्यामुळे ओल उडून जाऊ शकते. सोडियमपेक्षा लिथियम सिलिकेट महाग, पण जास्तीचा माल पांढऱ्या खरपुड्यांसारखा वर साचण्याचा त्रास कमी.

माझा जीव मात्र शहाबादीवर. कलबुर्गी जिल्ह्यातला हा चुनखडक वाळू-सिमेंटवर बसवला आणि सांधे सिमेंटनं भरले की खालची ओल त्याला फारसं काही करत नाही. फार तर सांध्यांत पांढरे क्षार फुलतात, ते कोरड्या ब्रशनं झाडायचे. साइड स्टँडची टाच त्यात रुतत नाही. शत्रू एकच, आम्ल. बॅटरीतलं पाणी सांडलं की ताबडतोब खायचा सोडा आणि भरपूर पाणी. संडास साफ करायचं द्रावण चुकूनही नको, एका घासण्यात पॉलिश जाऊन खरखरीत डाग पडतो. तेल सांडलं तर पुसून पसरवू नका, भुसा टाकून टिपा. मुरलेल्या डागावर खडूची पूड आणि भांड्यांच्या साबणाचा लगदा थापून वर प्लास्टिक घाला, दुसऱ्या दिवशी ते काढून लगदा सुकू द्या. सुकताना तो तेल ओढून घेतो. दोन-तीनदा करावं लागतं.

पत्राच्या शेवटी त्या विचारतात की ठेकेदार वॉरंटीत फोड कापून भरून द्यायला तयार आहे, घ्यावं का? घेऊ नका. ठिगळाखालची ओल तशीच राहते आणि पुढच्या श्रावणात फोड ठिगळाच्या कडेनं उठतात. त्याच्याकडून वॉरंटीच्या बदल्यात सगळं घासून काढण्याची मजुरी मागा. यंत्र त्याच्याकडे असतंच.