नाशिक ढोल आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनिमिश्रण : साइडचेन कॉम्प्रेशनचे तंत्र

प्रस्तावना

ज्या वाद्याशी नाशिकचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या ढोलाचा आवाज आज मिरवणुकीपुरता मर्यादित राहिलेला नाही. नाशिक ढोलाचे ध्वनिमुद्रित ठेके संगणकावर घेऊन त्यांना इलेक्ट्रॉनिक बेसची व सिंथेसायझरच्या सुरावटीची जोड देणे, ही महाराष्ट्रातील डीजे-मिश्रणांची रुळलेली पद्धत आहे. अशा मिश्रणांत एक दोष वारंवार आढळतो. प्रत्यक्ष पथकात छातीवर आदळणारी थाप मिश्रणात बोथट होते, बेसमध्ये बुडून जाते. मग ढोलाची पातळी वाढवली जाते. ढोल वाढला की बेस तोकडा वाटतो, म्हणून तोही वाढवला जातो. शेवटी सर्वच आवाज मोठा होतो, स्पष्ट मात्र काहीच होत नाही. आवाज न वाढवता थाप स्पष्ट करण्याचा उपाय ध्वनितंत्रात उपलब्ध आहे. त्यास साइडचेन कॉम्प्रेशन म्हणतात. त्यामागील तत्त्व आणि नाशिक ढोलाच्या बाबतीत ते वापरताना घ्यावयाची काळजी, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

थाप हरवते कशामुळे?

ढोलाच्या एका तोंडावर टिपरू पडते आणि दुसऱ्यावर हाताची थाप. टिपऱ्याचा कडक आवाज व ताशाची तर्री वरच्या कंप्रतेत असल्यामुळे त्या बेसला सहज भेदून बाहेर येतात. खरी अडचण थापेची असते. तिची नेमकी कंप्रता ढोलाच्या आकारावर व पानाच्या ताणावर अवलंबून असली, तरी तिची मुख्य ऊर्जा खालच्या पट्ट्यात असते, आणि इलेक्ट्रॉनिक बेसचे सूरही तेथेच, साधारणतः ४० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान, वावरतात.

मानवी कान जवळजवळच्या कंप्रता पूर्णपणे वेगळ्या करू शकत नाही. सुमारे ५०० हर्ट्झच्या खाली कानाचा एकेक पट्टा अंदाजे १०० हर्ट्झ रुंद असतो; त्या एकाच पट्ट्यात दोन ध्वनी आले की प्रबळ ध्वनी दुबळ्याला झाकून टाकतो. याला आच्छादन म्हणता येईल. सलग वाजणारा बेस क्षणिक थापेला झाकतो, तो असा. याशिवाय दुसरेही कारण आहे. संगणकीय ध्वनीला एक निश्चित कमाल पातळी असते. थाप व बेस एकाच क्षणी एकत्र आले की त्यांची बेरीज त्या पातळीला टेकते आणि लिमिटर दोघांनाही दाबतो.

तत्त्व

कॉम्प्रेसर हे आवाजाची पातळी आपोआप कमी करणारे साधन होय. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. आवाजाने तो ओलांडला की वरचा भाग ठरावीक रेशोने, म्हणजे प्रमाणाने, कमी केला जातो. साधारण वापरात ज्या ध्वनीची पातळी मोजली जाते, तोच ध्वनी दाबला जातो. साइडचेनमध्ये मात्र मोजमाप एका ध्वनीचे आणि घट दुसऱ्याची. कॉम्प्रेसर बेसच्या पट्टीवर बसवलेला असतो, पण त्याचे लक्ष ढोलाकडे असते. समजा, थ्रेशोल्डपेक्षा ढोल १२ डेसिबलने वर गेला आणि रेशो ४:१ आहे. तर त्या १२ चे ३ व्हायला हवेत, म्हणजे ९ डेसिबलची घट. ती घट बेसला लागू होते, मग बेस स्वतः उंबरठ्याच्या खाली असला तरी. थाप संपली की बेस पूर्वपदावर येतो. नभोवाणीवर निवेदक बोलू लागताच पार्श्वसंगीत मंद होते, तो याच तत्त्वाचा परिचित आविष्कार.

ॲटॅक व रिलीज

या तंत्राचे यशापयश बव्हंशी दोन कालमर्यादांवर ठरते. ॲटॅक म्हणजे घट लागू होण्यास लागणारा वेळ. थापेची ओळख तिच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत असते. तेव्हा ॲटॅक ४० मिलिसेकंद ठेवला, तर बेस बाजूला होईपर्यंत थापेचे तोंड झाकले गेलेले असते. उलट तो शून्याजवळ नेला तरी पंचाईत होते. ५५ हर्ट्झच्या बेसचे एक आवर्तन सुमारे १८ मिलिसेकंदांचे असते. त्या आवर्तनाच्या मधेच पातळी एकदम घसरली की तरंगाचा आकार मोडतो आणि टिकटिक ऐकू येते. ३ ते १० मिलिसेकंद ही सामान्यतः सुरक्षित मर्यादा मानता येते.

रिलीज म्हणजे बेस परत वर येण्याचा काळ. तो लयीवरून काढावा लागतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. प्रत्येक मात्रेवर एकच ठोका पडणाऱ्या नृत्यसंगीतात २०० ते ३०० मिलिसेकंदांचा रिलीज चालून जातो. ढोलाचे ठेके असे एकसारखे नसतात. लांब अंतरानंतर दोन-तीन थापा जवळजवळ येतात. पाव मात्रेच्या, म्हणजे १२५ मिलिसेकंदांच्या, अंतराने थापा पडत असतील, तर ३०० मिलिसेकंदांच्या रिलीजमध्ये बेस वर येतच नाही आणि मिश्रण पोकळ वाटते. म्हणून रिलीज सर्वांत लहान अंतराला अनुसरून ठेवणे इष्ट. मात्र तो ५० मिलिसेकंदांच्या फार खाली गेल्यास कॉम्प्रेसर थापेच्या प्रत्येक कंपनाबरोबर वरखाली होऊ लागतो आणि बेस घोगरा होतो.

पथकाच्या ध्वनिमुद्रणाची अडचण

पाठ्यपुस्तकी उदाहरणात नियंत्रक ध्वनी म्हणून ड्रममशीनचा स्वच्छ ठोका गृहीत धरलेला असतो. पथकाचे ध्वनिमुद्रण तसे नसते. अनेक ढोलांच्या थापा किंचित पुढेमागे पडतात, ताशा अखंड चालू असतो, भोवती गर्दीचा कल्लोळ असतो. हा ध्वनी थेट साइडचेनला दिला, तर ताशामुळे कॉम्प्रेसर सतत दबलेलाच राहतो. यावर प्राथमिक उपाय गाळणीचा : कॉम्प्रेसरला ऐकवल्या जाणाऱ्या ध्वनीतून सुमारे १५० हर्ट्झच्या वरचा भाग वगळावा. श्रोत्याला ऐकू येणाऱ्या ढोलावर याचा काहीच परिणाम होत नाही.

अधिक खात्रीचा उपाय मूक पट्टीचा. ठेका ऐकून, जेथे प्रमुख थाप आहे तेथे एकेक आखूड ठोका वेगळ्या पट्टीवर मांडायचा. ती पट्टी कॉम्प्रेसरला जोडायची, पण मुख्य मिश्रणात पाठवायची नाही. कोणत्या थापेला वाट करून द्यायची आणि कोणती तशीच सोडायची, हे अशा वेळी यंत्र न ठरवता मिश्रणकार ठरवतो. काम कंटाळवाणे आहे. ठेका कानात मुरलेला असल्याशिवाय ते नीट होतही नाही. शिवाय मूक ठोका थापेच्या काही मिलिसेकंद आधी ठेवता येतो, त्यामुळे ॲटॅकचा पेच बराचसा सुटतो.

घट किती असावी?

एरिक प्रिड्झ यांच्या २००४ मधील ‘कॉल ऑन मी’ सारख्या गीतांत संपूर्ण सुरावट ठोक्यागणिक दबून उसळते. तेथे हा श्वासोच्छ्वासच शैली आहे. तीच १०-१२ डेसिबलची उसळी ढोलाला लावणे बहुधा चुकीचे ठरते. ढोलाची गती त्याच्या स्वतःच्या लहानमोठ्या थापांतून येते. तिच्यावर दुसरी यांत्रिक गती लादली की दोन्ही विस्कटतात. ३ ते ६ डेसिबलची घट, तीही केवळ बेसवर, पुरेशी असते. सुरावटीला हात लावायचाच झाला, तर २ डेसिबलच्या पुढे जाण्याचे कारण सहसा नसते.

या काटकसरीला सामाजिक संदर्भही आहे. मराठी व्यवहारात ‘डीजे’ म्हणजे माणूस नव्हे, तर भोंग्यांची भिंत, असा अर्थ रूढ झाला आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनी २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. बेसला क्षणभर बाजूला केल्याने भिंतीसमोर ही मर्यादा पाळली जाईल, असे मुळीच नाही. पण थाप ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा लागतो, ही सबब तरी त्यामुळे उरत नाही.

जुळणी झाल्यावर मिश्रण अगदी मंद आवाजात ऐकून पाहावे. पातळी उतरली की कानाची खालच्या कंप्रतेची संवेदना सर्वांत आधी क्षीण होते. त्या अवस्थेतही थापांची जागा स्पष्ट कळत असेल, तर जुळणी साधली. केवळ टिपरूच ऐकू येत असेल, तर रिलीज व मूक ठोके पुन्हा तपासावे लागतात.